रेशनकार्डाचा रंग, जिल्ह्याची हद्द आणि पाच लाखांचं कवच

वर्धा नदी मोवाडजवळ ओलांडली की नागपूर जिल्ह्याचा नरखेड तालुका मागे पडतो आणि अमरावतीचा वरूड तालुका लागतो. दोन्ही काठांना संत्र्याचे बगीचे, आंबिया आणि मृग हेच दोन बहार, आणि सोयरिकी तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या. तरीही २ जुलै २०१२ पासून पुढचे सोळा महिने या दोन काठांवरच्या माणसांच्या हृदयशस्त्रक्रियेचा हिशेब वेगवेगळा होता. वरूडच्या केशरी कार्डवाल्याचं बिल योजनेतून भरलं जायचं; नरखेडच्या केशरी कार्डवाल्याने घरातल्या दागिन्यांकडे बघायचं.

कारण साधं होतं. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्या टप्प्यात आठच जिल्ह्यांत सुरू झाली: गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई शहर आणि मुंबई उपनगर. नागपूरचा नंबर लागला २१ नोव्हेंबर २०१३ रोजी, योजना राज्यभर झाली तेव्हा. कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण, मूत्रपिंड प्रत्यारोपण असेल तर अडीच लाख, आणि त्यापोटी सरकारने नॅशनल इन्शुरन्स कंपनीला द्यायचा हप्ता कुटुंबामागे ३३३ रुपये. घरातल्या माणसाने दाखवायचं फक्त पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र.

दोन वर्षं दोन्ही काठ सारखे झाले आणि पुन्हा वेगळे झाले. २०१५ मध्ये राज्याने ठरवलं की शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या १४ जिल्ह्यांत पांढरं कार्ड असलेल्या शेतकऱ्यालाही योजनेत घ्यायचं. त्यात मराठवाड्याचे आठही जिल्हे, अमरावती विभागाचे पाचही जिल्हे आणि नागपूर विभागातला एकटा वर्धा. म्हणजे वरूडचा पांढऱ्या कार्डाचा संत्रा उत्पादक आत आणि नरखेडचा बाहेर. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्येही विदर्भातले सहाच जिल्हे होते आणि नागपूर त्यात नव्हता. जिल्ह्याच्या नावात महानगर असलं की त्याच्या टोकाचा तालुकाही श्रीमंत धरला जातो, हा अनुभव काटोल-नरखेडच्या शेतकऱ्याला नवा नाही. आणि पांढरं कार्ड म्हणजे तरी काय? वर्षाचं कौटुंबिक उत्पन्न एक लाखाच्या वर. घरात एक जण कुठे शिपाई म्हणून लागला की कार्ड पांढरं होतं. बागेवर कोळशी आली, झाडं वाळली, तर ते परत केशरी होत नाही.

आरोग्यविम्याच्या राष्ट्रीय सुधारणांचा आढावा बहुधा दिल्लीच्या आकड्यांपासून सुरू होतो. मी तो नदीपासून सुरू केला, कारण विमा कुणाला मिळाला हा प्रश्न गेली वीस-पंचवीस वर्षं कार्डाचा रंग, जिल्ह्याची हद्द आणि एखाद्या जुन्या यादीतलं नाव यांनीच ठरवला आहे. तो कुणाला हवा होता, हे क्वचितच विचारात आलं.

स्वातंत्र्यानंतरची पहिली पन्नास वर्षं विमा हा पगारदारांचा विषय होता. १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा कारखान्यातल्या मजुरासाठी, १९५४ ची केंद्र सरकारी आरोग्य योजना बाबूंसाठी, १९८६ ची मेडिक्लेम पॉलिसी ज्याला हप्ता परवडेल त्याच्यासाठी. शेतमजूर, अल्पभूधारक, गावातला न्हावी-सुतार यांच्यासाठी होता सरकारी दवाखाना, आणि तिथे औषध नसलं की समोरचं मेडिकल स्टोअर. १९९७ मध्ये महाराष्ट्राने जीवनदायी योजना आणली. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला हृदय, मेंदू, मूत्रपिंड, कर्करोग अशा मोठ्या शस्त्रक्रियांसाठी दीड लाखापर्यंत मदत मिळायची. पण तिला विमा म्हणणं अवघड. कागद गोळा करा, अर्ज करा, मंजुरीची वाट बघा, आणि तोवर आजाराने थांबून राहावं अशी तिची अपेक्षा होती.

त्याआधीच नरखेडपासून फार दूर नाही अशा सेवाग्रामला एक निराळा प्रयोग चालू होता, आणि आजच्या चर्चेत तो कुणी काढत नाही याचं मला नवल वाटतं. कस्तुरबा रुग्णालयाच्या डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात आसपासच्या गावांसाठी ज्वारीच्या वर्गणीवर आरोग्यविमा उभा केला. सुगी झाली की प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची, ज्याचं शेत मोठं त्याची वर्गणी जास्त, आणि त्या जमेवर गावातच आरोग्यसेवक, औषधं आणि गरज पडली तर रुग्णालयात भरती. हप्ता कधी मागायचा याचं उत्तर त्यात होतं: शेतकऱ्याच्या घरी धान्य असतं तेव्हा. गावातल्या बहुसंख्य घरांनी एकत्र यायचं अशी अटही होती, म्हणजे आजारी तेवढे आत आणि धडधाकट बाहेर असा प्रकार होत नसे. विमाशास्त्राच्या जाड पुस्तकांत जी अडचण पानंच्या पानं चर्चिली जाते, ती सेवाग्रामच्या ग्रामसभेत सुटत होती. अशा योजना पसरल्या नाहीत, कारण त्यांना पाठीशी एक झपाटलेलं रुग्णालय लागतं. पण त्यांनी एक गोष्ट पाळली, जी पुढच्या कुठल्याच सरकारी योजनेने पाळली नाही: विमा गावातल्या तापापासून सुरू झाला आणि मग शस्त्रक्रियेपर्यंत गेला.

देशाने मात्र उलटा क्रम निवडला. २००७ मध्ये आंध्र प्रदेशात राजीव आरोग्यश्री आली आणि मोठ्या शस्त्रक्रियांचं पॅकेज, खासगी रुग्णालयं, सरकारी हप्ता हा साचा तयार झाला. २००८ ची केंद्राची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना थोडी वेगळी होती. पाच जणांच्या कुटुंबाला ३० हजारांचं संरक्षण, नोंदणीला ३० रुपये, हातात स्मार्ट कार्ड, आणि भर लहानसहान भरतीवर. महाराष्ट्राने ती सोडून आरोग्यश्रीचा साचा उचलला आणि त्याची जीवनदायी केली. १ एप्रिल २०१७ पासून तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. गावात आजही तिला ‘जीवनदायी’च म्हणतात.

२३ सप्टेंबर २०१८ रोजी रांचीहून आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सुरू झाली: १० कोटी ७४ लाख कुटुंबं, वर्षाला पाच लाख, कुटुंबात किती माणसं आणि किती वयाची यावर मर्यादा नाही, देशात कुठेही उपचार. आधीच्या योजनांपेक्षा ही उडी मोठी होती यात शंका नाही. पण पात्रता ठरली २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात जनगणनेवरून. एका खोलीचं कच्चं घर, घरात कमावता प्रौढ पुरुष नसणं, भूमिहीन मजुरी असे निकष होते. निकष म्हणून ते वाईट नव्हते, फक्त त्यांना तारीख होती. २०११ नंतर भावांत वाटणी होऊन वेगळी निघालेली चूल, कर्जात जमीन गेल्याने मजूर झालेला माणूस, यांना यादीत जागा नव्हती. महाराष्ट्रातली सुमारे ८४ लाख कुटुंबं या यादीत आली. बाकीच्यांसाठी राज्याची फुले योजना होतीच, पण मर्यादा दीड लाखच. एकाच गल्लीत एका घराला पाच लाख आणि शेजारच्या घराला दीड लाख, आणि दोघांनाही आपण कुठल्या योजनेत आहोत ते ठाऊक नाही, हे चित्र १ एप्रिल २०२० ला दोन्ही योजना एकत्र चालवायला घेतल्यावरही राहिलं. त्या वेळी फुले योजनेत ९९६ उपचार होते, आयुष्मानमध्ये १,२०९, आणि युनायटेड इंडिया कंपनीला हप्ता कुटुंबामागे ७९७ रुपये.

करोनाने एक काम केलं. मे २०२० मध्ये राज्याने पांढऱ्या कार्डासकट सगळ्यांना योजना खुली केली, सुरुवातीला काही आठवड्यांसाठी. आणीबाणीत उघडलेलं दार पुन्हा बंद करणं राजकीयदृष्ट्या कठीण असतं. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने कार्डाचा रंग पुसला गेला: राज्यातल्या प्रत्येक कुटुंबाला पाच लाख, उपचारांची यादी १,३५६ वर, मूत्रपिंड प्रत्यारोपणाला साडेचार लाख, रुग्णालयांची संख्या एक हजारावरून १,३५० वर नेण्याचं ठरलं. अंमल १ जुलै २०२४ पासून. नरखेडच्या पांढऱ्या कार्डवाल्या शेतकऱ्याला कायमचा हक्क मिळाला तो त्या दिवशी, वरूडच्या मावसभावानंतर नऊ-एक वर्षांनी.

पाठोपाठ २९ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न न विचारता, आयुष्मान वय वंदना कार्ड दिलं. नरखेडसारख्या तालुक्यात याला वेगळं महत्त्व आहे. पोरं पुण्याला किंवा बुटीबोरी-हिंगण्याच्या एमआयडीसीत, गावात आई-वडील आणि बगीचा, असं घर इथे जागोजागी आहे.

हद्दींचा आणखी एक चमत्कार जाता जाता सांगायला हवा. २०२३ मध्ये महाराष्ट्राने कर्नाटकातल्या सीमाभागातल्या ८६५ मराठी गावांना फुले योजना लागू केली आणि त्यावरून बेंगळुरूत वादळ उठलं. नरखेडच्या उत्तरेला मध्य प्रदेशातले पांढुर्णा आणि सौसर, तिथलीही घरं मराठी बोलतात, तिथले रुग्णही नागपूरलाच येतात. पण त्या सीमेवर कुणाचा दावा नसल्याने त्यांची आठवण कुणाला झाली नाही. त्यांना आधार आहे तो आयुष्मान कार्ड राज्याबाहेर चालतं याचा. या एका बाबतीत केंद्राच्या योजनेने जे केलं ते राज्यांच्या योजनांना जमणारं नव्हतं.

एवढं सगळं झाल्यावर किती जणांना विमा मिळाला? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ४१ टक्के कुटुंबांनी घरात कुणाला तरी आरोग्यविमा आहे असं सांगितलं. आधीच्या फेरीत ते प्रमाण २९ टक्क्यांच्या आसपास होतं. महाराष्ट्रात पाचांपैकी एका कुटुंबाच्या आसपासच होकार आला. राजस्थान, आंध्र कितीतरी पुढे. आता, पाहणीच्या काळात महाराष्ट्रातली पिवळ्या-केशरी कार्डाची सगळी घरं कागदोपत्री विम्यात होती! मग ती ‘नाही’ का म्हणाली? माझ्या मते कारण सरळ आहे. महाराष्ट्राने वेगळं कार्ड दिलंच नव्हतं, रेशनकार्ड हेच कार्ड होतं. गरिबाला त्याचा फायदा झाला, कारण नोंदणीचा खटाटोप नव्हता. पण आपल्याकडे विमा आहे हे माणसाला कळत होतं ते रुग्णालयाच्या काउंटरवर, योजनेच्या आरोग्यमित्राने सांगितलं तर. जो विमा घरी असताना माहीत नसतो, त्याच्या भरवशावर कुणी वेळेत दवाखान्यात जात नाही. दुखणं अंगावर काढलं जातं. गावोगावी आयुष्मान कार्डं काढण्याची शिबिरं झाली, आशाताईंनी मोबाइल घेऊन घरोघरी केवायसी केली, त्याचा खरा उपयोग इथे आहे.

खर्चाचं काय झालं, याचं उत्तर दोन पातळ्यांवर द्यावं लागतं. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा हिस्सा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. घट मोठी आहे. पण हा हिस्सा आहे. सरकारचा खर्च वाढला, तोही करोनाच्या वर्षांत, की लोकांचा टक्का आपोआप उतरतो. एखाद्या घरचा औषधाचा खर्च उतरलाच असेल असं त्यावरून म्हणता येत नाही.

योजनांनी नेमकं काय साधलं ते दाखवणारा, मला पटलेला अभ्यास आपल्या शेजारचा आहे. कर्नाटकाने २०१० मध्ये वाजपेयी आरोग्यश्री योजना आधी उत्तरेकडच्या बेळगाव आणि गुलबर्गा विभागांत आणली. संशोधकांनी हद्दीच्या अलीकडची आणि पलीकडची गावं घेऊन तुलना केली, म्हणजे वर्धा नदीने आपल्याकडे जे आपसूक घडवलं होतं तेच. २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेले निष्कर्ष असे: योजनेत येणाऱ्या आजारांनी होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण गरीब कुटुंबांत योजनेच्या बाजूला ०.३२ टक्के, दुसऱ्या बाजूला ०.९० टक्के, आणि मोठ्या रुग्णालयातल्या भरतीचा खिशातला खर्च सुमारे एक तृतीयांशाने कमी. म्हणजे मोठ्या आजारात या योजना जीव वाचवतात आणि पैसाही वाचवतात. हे मान्य केल्याशिवाय पुढची टीका करणं प्रामाणिकपणाचं नाही.

पण सगळा पैसा वाचत नाही. मुंबईत राजीव गांधी योजनेच्या रुग्णांवर झालेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निम्म्याहून अधिक रुग्णांना ‘कॅशलेस’ उपचार घेतानाही खिशात हात घालावा लागला होता, मुख्यतः तपासण्या आणि औषधांसाठी, मंजुरी मिळण्याच्या आधी.

मंजुरीच्या आधीचा हा टप्पा नरखेडच्या माणसासाठी जास्त लांब आहे, शब्दशः. समजा सावरगावकडच्या एखाद्या शेतमजुराच्या छातीत दुखू लागलं. आधी गावातला डॉक्टर, इंजेक्शन आणि दोन दिवसांच्या गोळ्या. मग नरखेड किंवा काटोलला ईसीजी, रक्त, कधी सोनोग्राफी. मग कुणीतरी सांगतं, नागपूरला न्या. नागपूर ८५ किलोमीटर. १०८ ची रुग्णवाहिका मिळाली तर जाणं फुकट, नाही तर भाड्याची गाडी. सरकारी रुग्णालयांपैकी मेडिकल की मेयो की ‘सुपर’, की कुणाच्या ओळखीचा खासगी दवाखाना, याचा निर्णय गाडीत होतो. तिथे योजनेत बसतं की नाही हे ठरेपर्यंत अनामत मागितली जाऊ शकते. मग मंजुरी येते, अँजिओप्लास्टी होते, तिचं बिल शून्य. नियमाप्रमाणे रुग्णाचं जेवण आणि घरी परतण्याचं भाडंही योजनेत आहे; ते मागणारा नातेवाईक विरळा. सोबत राहिलेल्या मुलाची मजुरी बुडालेली, त्याचं जेवण बाहेरचं. आणि सुटीनंतर योजनेतून मिळणारी औषधं दहा दिवसांची. पुढच्या गोळ्या वर्षानुवर्षं घ्यायच्या असतात.

या साखळीतली एकच कडी विम्याने धरली आहे, अर्थात सगळ्यात महागडी. तिच्यापुरता दोष देण्यासारखं काही नाही. पण राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत (२०१७-१८) ग्रामीण भागात सरकारी रुग्णालयातल्या एका भरतीचा सरासरी खर्च ४,२९० रुपये आणि खासगीतला २७,३४७ रुपये आला होता. हे आकडे बघा आणि पाच लाखांची मर्यादा बघा. बहुतेक घरांना दीड लाखाचीही भिंत कधी लागली नव्हती. त्यांना बुडवत होते ते पाच-दहा हजारांचे, पुन्हा पुन्हा होणारे खर्च: पावसाळ्यात डेंग्यू किंवा स्क्रब टायफस, पोराचा न्यूमोनिया, आजीचा मधुमेह. आणि पावसाळा म्हणजे नेमका हात रिकामा असण्याचा काळ. बियाणं-खतात पैसा गेलेला, आंबिया बहाराचं फळ अजून झाडावर हिरवं. याच दिवसांत झाडावरचा माल व्यापाऱ्याला आधीच ठोक देऊन टाकायची वेळ येते, पडेल त्या भावात. आजारपणाचा तो खर्च कुठल्याच लेख्यात आरोग्यखर्च म्हणून नोंदला जात नाही.

साप चावण्याचं उदाहरण घ्या. व्हेंटिलेटर लागला तर ते योजनेच्या यादीत बसतं. मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेतून घरच्यांना दोन लाख मिळतात. पण जीव वाचतो तो पहिल्या तासा-दोन तासांत, जवळच्या सरकारी दवाखान्यात प्रतिविष असलं आणि ते द्यायला धजावणारा डॉक्टर जागेवर असला तर. हे कुठल्याही विम्यात येत नाही. ते येतं पदभरतीत, औषध खरेदीत आणि मुक्कामी राहायच्या क्वार्टरच्या गळक्या छपरात.

या दिशेने राज्याने एक चांगलं पाऊल टाकलं, ज्याची जाहिरात पाच लाखांच्या तुलनेत कमी झाली. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सगळ्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत झाले, केसपेपरचे पैसेसुद्धा बंद. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालय आले त्यात. पण निर्णय एका विभागापुरता होता. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण विभागाची, ती त्यात नव्हती. नागपूर जिल्ह्यात याचा अर्थ जरा जास्तच बोचतो. इतर जिल्ह्यांत ग्रामीण रुग्णालयाच्या वरची पायरी जिल्हा रुग्णालय असते. नागपूरला ते वर्षानुवर्षं नव्हतंच. मनोरुग्णालयाच्या आवारात ते उभारण्याचं काम रेंगाळत राहिलं. त्यामुळे नरखेडहून पुढे पाठवलेला रुग्ण थेट मेडिकलला किंवा मेयोला, म्हणजे मोफत विभागातून सशुल्क विभागात. रक्कम लहान असते, मान्य. पण आजारी माणसाने मंत्रालयातली खातेवाटणी का शिकावी?

रुग्णालयांची बाजूही ऐकायला हवी. योजनेत यायला खाटा, तज्ज्ञ, यंत्रसामग्री यांच्या अटी आहेत. तालुक्याच्या गावातला दहा-पंधरा खाटांचा दवाखाना त्यात सहसा बसत नाही, म्हणून योजनेचा पैसा नागपूर शहरातच फिरतो आणि तालुक्यात नवा दवाखाना उभा राहायला काहीच आमिष उरत नाही. ज्यांना बसता येतं ते दराबद्दल कुरकुरतात आणि थकबाकीबद्दल तर उघड भांडतात. ऑगस्ट २०२५ मध्ये हरियाणातल्या खासगी डॉक्टरांनी थकलेल्या बिलांमुळे आयुष्मानचे उपचार थांबवण्यापर्यंत गोष्ट गेली. दर कमी आणि पैसा उशिरा, यातून काही ठिकाणी एकच पळवाट निघते: जे योजनेत मिळायचं त्यातलं थोडं रुग्णाकडून वसूल करायचं. उलट बाजूचं चित्र २०२३ च्या कॅग अहवालात आहे. एकाच मोबाइल नंबरवर, दहा वेळा नऊ लिहिलेल्या, देशभरातले सुमारे साडेसात लाख लाभार्थी जोडलेले, आणि संगणकात मृत म्हणून नोंदलेल्यांच्या नावावर पुन्हा उपचार. आकडे फुगवायची घाई झाली की अशी बुजगावणी उभी राहतात.

ज्यांना स्वतः विमा घ्यायचा आहे, म्हणजे शिक्षक, व्यापारी, थोडा मोठा बागायतदार, त्यांच्यासाठीही नियम बदलले. एप्रिल २०२४ पासून आधीपासूनच्या आजारांसाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षांवर आली, वयाची वरची अट गेली, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. तरी साठीनंतरचा हप्ता बघितला की पाच लाखांच्या सरकारी कवचाचं मोल लक्षात येतं. अमेरिकेत २०१० च्या कायद्यानंतर विमा नसलेल्यांचं प्रमाण १६ टक्क्यांच्या आसपासवरून २०१६ पर्यंत नवाच्या आसपास आलं, पण हप्ता आणि दर वर्षी आधी स्वतः भरायची रक्कम यांवरची तक्रार तिथे थांबलेली नाही. विमा वाढवणं आणि खर्च आवरणं ही दोन निराळी कामं आहेत, हे तिथल्या मराठी घरांना पगाराच्या चिठ्ठीवर दिसतं.

तुलना करायचीच तर मी थायलंडशी करेन. २००१-०२ मध्ये त्या देशाने ३० बाथ भरा आणि उपचार घ्या अशी योजना काढली. तिचा केंद्रबिंदू होता जिल्हा पातळीचं, म्हणजे आपल्या तालुक्याएवढ्या भागाचं रुग्णालय. सरकार त्या रुग्णालयाला माणशी ठरावीक रक्कम देतं, त्यात बाह्यरुग्ण तपासणी आणि औषधं आली. मोठ्या रुग्णालयात जायचं तर तिथल्या चिठ्ठीने. त्यामुळे पैसा आधी तालुक्याला पोचला आणि डॉक्टर त्यामागे गेले. आपण पैसा मोठ्या शहरातल्या शस्त्रक्रियागृहाशी बांधला. २०१८ च्या आयुष्मान भारतचा दुसरा पाय गावातल्या उपकेंद्रांचाच होता, आज त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, समुदाय आरोग्य अधिकारी नेमले, रक्तदाब-मधुमेहाची तपासणी सुरू झाली. कागदावर जोडी बरोबर आहे. पण २०१७ च्या आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्के करायचं म्हटलं होतं, आणि २०२१-२२ मध्ये, करोनाचा खर्च धरूनही, तो १.८४ टक्के होता. एवढ्या अन्नात दोन पानं वाढायची तर एक अर्धपोटी राहतं, आणि आतापर्यंत ते उपकेंद्राचंच राहिलं आहे.

म्हणून फुले योजनेच्या उपचारांची यादी २,३९९ वर नेण्याच्या २०२५ च्या निर्णयाबद्दल मला विरोध नसला तरी उत्साहही नाही. नरखेड तालुक्यासाठी यादीत हजार नावं वाढण्यापेक्षा तीन-चार साध्या गोष्टी जास्त मोलाच्या ठरतील. ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ कायम असणं, म्हणजे सिझेरियन आणि हाडांची कामं इथेच होतील. योजनेची रक्कम सरकारी रुग्णालयालाही मिळते, ती त्याच इमारतीत खर्च करायची मोकळीक. नागपूरला पाठवायच्या रुग्णाची पूर्वमंजुरी इथल्याच टेबलावरून निघणं, म्हणजे गाडीत बसण्याआधी कुठे जायचं आणि अनामत लागणार नाही हे ठरलेलं असेल. आणि उपकेंद्रात रक्तदाबाची गोळी बाराही महिने असणं. ही गोळी चार-सहा आठवडे संपते तेव्हा कुठे बातमी होत नाही. घरचे म्हणतात, बरं वाटतं आहे, पुढच्या बाजाराला काटोलहून आणू. पक्षाघात झालेला म्हातारा काही महिन्यांनी नागपूरला भरती होतो, आणि तेव्हा पाच लाखांचं कार्ड चोख चालतं.